जॉर्ज बेलीची पत

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

नाताळच्या आठवड्यात एखाद्या चित्रपटावर बोला, असं सुचवलं गेलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच नाव आलं. फ्रँक काप्रा यांचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ'. १९४६ सालचा, कृष्णधवल, सव्वादोन तासांच्या आतबाहेरचा. अमेरिकेत दर डिसेंबरात तो दूरचित्रवाणीवर लागतो आणि ज्यांना त्यातले संवाद पाठ आहेत अशी माणसंही तो पुन्हा बघायला बसतात. त्याच्याविषयी बोलताना लोक बर्फ, घंटा आणि देवदूत यांच्याविषयी बोलतात. तरुणपणी एका फिल्म सोसायटीत मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्याही लक्षात तेवढंच राहिलं होतं. पुढे पुष्कळ वर्षांनी तो पुन्हा पाहिला, आणि मला तो हिशेबाच्या वहीचा सिनेमा वाटला. मधल्या काळात काय घडलं तेही ओघात सांगतो.

गोष्ट थोडक्यात अशी. बेडफर्ड फॉल्स हे एक काल्पनिक लहान गाव. तिथल्या जॉर्ज बेलीला लहानपणापासून जग बघायला जायचं आहे आणि तो गावाबाहेर पडूच शकत नाही. बारा वर्षांचा असताना तो बर्फाच्या तळ्यात पडलेल्या धाकट्या भावाला, हॅरीला बाहेर काढतो. त्या गारठ्याने त्याचा एक कान कायमचा जातो. औषधाच्या दुकानात काम करताना, मुलाच्या मृत्यूची तार आल्याने भान हरपलेल्या मालकाने चुकून विष भरलेल्या कॅप्सूल तो गिऱ्हाइकाच्या घरी पोचवत नाही. पुढे प्रवासाची बॅग भरून तयार असते, तर वडील जातात. त्यांची लहानशी कर्जसंस्था बंद पडू नये म्हणून तो थांबतो, आणि शिक्षणासाठी साठवलेले पैसे हॅरीला देऊन टाकतो. गावात हेन्री पॉटर नावाचा धनाढ्य आहे. ही एक संस्था सोडली तर गावातलं बहुतेक सगळं त्याच्या मुठीत आहे.

१९४५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी जॉर्जच्या काकाच्या हातून संस्थेचे आठ हजार डॉलर गहाळ होतात. गहाळ होतात ते पॉटरच्याच बँकेत, पॉटरच्याच वर्तमानपत्राच्या घडीत. पॉटरला ते सापडतात आणि तो गप्प बसतो. तपासनीस दारात आलेला. जॉर्ज अखेर पॉटरकडेच कर्ज मागायला जातो आणि तारण म्हणून आयुर्विम्याची पॉलिसी पुढे करतो. पॉलिसी पंधरा हजारांची, तिच्यात आजवर साठलेले पाचशे. पॉटर त्याला हिशेब करून दाखवतो की जिवंतपणापेक्षा मेल्यावर तुझी किंमत जास्त आहे. जॉर्ज पुलावर जातो. तिथे क्लॅरेन्स नावाचा, अजून पंख न मिळालेला, दुय्यम दर्जाचा देवदूत त्याला अडवतो. आपण जन्मालाच आलो नसतो तर बरं, असं जॉर्ज म्हणतो आणि देवदूत त्याला तसं गाव दाखवतो. त्या गावाचं नाव पॉटर्सव्हिल. तिथे हॅरी नवव्या वर्षीच बुडालेला आहे, म्हणून महायुद्धात हॅरीने ज्या जहाजावरचे सैनिक वाचवले तेही वाचलेले नाहीत.

ही कल्पना मूळची काप्रांची नव्हे. फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न हे अमेरिकन यादवी युद्धावर लिहिणारे इतिहासकार. १९३८ साली एका सकाळी दाढी करताना ही गोष्ट त्यांना सुचली. लिहून पुरी व्हायला १९४३ उजाडलं. 'द ग्रेटेस्ट गिफ्ट' असं तिचं नाव. ती छापायला कुणी तयार होईना, तेव्हा स्टर्न यांनी स्वतःच दोनशे प्रती छापल्या आणि नाताळच्या शुभेच्छापत्राऐवजी मित्रमंडळींना धाडल्या. आपल्याकडे दिवाळी अंकाने परत पाठवलेली कविता स्वखर्चाने छापून वाटणारे कवी आहेत. त्यांनी निराश होऊ नये. कारण ती पुस्तिका फिरत फिरत आरकेओ स्टुडिओकडे पोचली, दहा हजार डॉलरना हक्क विकले गेले, कॅरी ग्रँटला घेऊन सिनेमा करायचं ठरलं, पटकथा काही जमेना, आणि शेवटी ते बाड काप्रा यांच्या नव्या 'लिबर्टी फिल्म्स' कंपनीने उचललं.

स्टर्न यांच्या कथेत पॉटर नाही. नायक बँकेतला साधा कारकून आहे, आणि आयुष्य नीरस गेलं हे त्याचं दुःख आहे. कर्जसंस्था, ठेवीदारांची झुंबड, गहाळ झालेली रक्कम, विम्याची पॉलिसी हे सगळं सिनेमात आलं ते फ्रान्सेस गुडरिच, अल्बर्ट हॅकेट आणि काप्रा यांच्या पटकथेतून. देवदूत स्टर्न यांचा. पैशाची काळजी पटकथाकारांची. मला वाटतं, चित्रपट टिकला तो या काळजीमुळे. नुसत्या देवदूतावर तो पाच-दहा नाताळ चालला असता.

जॉर्जच्या संस्थेचा प्रकार अमेरिकेत 'बिल्डिंग अँड लोन' म्हणून ओळखला जाई. अशी पहिली संस्था १८३१ साली फिलाडेल्फियाजवळच्या फ्रँकफर्डमध्ये निघाली. सभासदांनी ठरावीक रक्कम नेमाने भरायची आणि जमलेल्या गंगाजळीतून पाळीपाळीने एकेकाला घरासाठी कर्ज द्यायचं. आपल्या भिशीची लांबची बहीण म्हणा. ज्यांना बँक दारात उभी करत नव्हती अशा कामगारांची, नव्याने आलेल्या परदेशी माणसांची घरं या संस्थांनी उभी केली. दुबळेपणाही त्यातच. सगळ्यांचे पैसे घरांच्या भिंतींत गेलेले असत, तिजोरीत फारसं काही नसे. सगळे एकाच दिवशी मागायला आले की संपलं.

चित्रपटात तसा दिवस येतो. साल १९३२. महामंदीत, १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत नऊ हजारांच्या आसपास बँका बुडाल्या. जॉर्ज आणि मेरीचं त्या दिवशी लग्न झालंय, टॅक्सीतून ते मधुचंद्राला निघालेत. भर पावसात रस्त्यावर माणसं धावताना दिसतात. संस्थेच्या दाराशी गर्दी. पॉटरने निरोप धाडलाय की माझ्याकडे या, डॉलरला पन्नास सेंट रोख देतो. जॉर्ज काउंटरच्या आत उभा राहून लोकांना समजावतो की तुमचा पैसा या इमारतीत नाहीच. तो याच्या घरात आहे, त्याच्या घरात आहे, शेजारणीच्या घरात आहे. लोकांना हे कळतं, पण कळून घरातला किराणा येत नाही. तेव्हा मेरी पुढे होते आणि मधुचंद्रासाठी ठेवलेले दोन हजार डॉलर वर धरते.

जॉर्ज विचारतो, आजची गरज भागायला तुम्हाला किती लागतील? पहिला माणूस ऐकत नाही. त्याला त्याचे दोनशे बेचाळीस पुरे हवेत. जॉर्ज देतो. पुढचा माणूस वीसवर येतो. त्याच्यामागची बाईही वीस म्हणते. मग एक संकोची बाई विचारते, साडेसतरा मिळतील का? जॉर्ज वाकून तिच्या गालाचं चुंबन घेतो. दोनशे बेचाळीसपासून साडेसतरापर्यंत माणसं कशी उतरली, हे काप्रा यांनी एकही भाषण न देता दाखवलंय. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला दोन डॉलर उरतात, आणि संस्थेतली मंडळी ते दोन डॉलर मिरवत तिजोरीत नेऊन ठेवतात.

आता माझ्या रांगेबद्दल. आमच्या तालुक्याच्या गावात एक पतसंस्था होती. माझ्या बायकोने शिवणकामातून साठवलेले अठ्ठ्याऐंशी हजार तिथे मुदत ठेवीत होते, थोरलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी. एका सोमवारी शटर खाली. त्यावर चिकटवलेल्या कागदावर सूचना फक्त दोन ओळींची. आम्ही दीडशे-दोनशे माणसं असू. बायकोने पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पदराखाली धरलेलं, जणू कुणी तेही काढून घेईल. दुपारपर्यंत आतून कुणी बाहेर आलं नाही. पैसे गेल्याचं दुःख झालंच, पण आत माणसं असून आमच्याशी बोलायला कुणी आलं नाही, हे बायकोला जास्त लागलं. पुढच्या नऊ वर्षांत तीन हप्त्यांत निम्मे मिळाले. थोरलीचा प्रवेश उसनवारीवर झाला.

त्यानंतर केव्हातरी मुलीने हा चित्रपट घरी लावून दिला, आणि मला देवदूताच्या आधी काउंटर दिसला.

अमेरिकेने या अनुभवातून १९३३ साली बँकठेवींना विम्याचं संरक्षण दिलं, आणि वर्षभरात बेलीसारख्या संस्थांनाही. म्हणजे जॉर्जच्या दारातली ती गर्दी आणखी दोन वर्षांनी झाली असती, तर कदाचित झालीच नसती. आपल्याकडे १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, मग कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तो बँकांना आहे. पतसंस्थांना नाही. रांगेत उभं राहिल्यावर हा फरक आम्हाला कळला.

पत हा शब्द मराठीत मोठा खुबीचा आहे. बाजारात उधार मिळण्याची लायकी म्हणजे पत, आणि चार माणसांत असलेला मान म्हणजेही पत. पॉटरला पहिला अर्थ तेवढा कळतो. टॅक्सीवाल्याला घरासाठी कर्ज दिलं म्हणून तो जॉर्जच्या वडिलांच्या पश्चात संचालकांपुढे नाक मुरडतो. आणि पुढे जॉर्ज ज्यांना घरं बांधून देतो त्या इटालियन लोकांना तो हिणवतो, लसूणखाऊ म्हणतो. कोण काय खातं यावरून माणसाची पत ठरवण्याची रीत फक्त बेडफर्ड फॉल्समध्येच होती, असं नाही. हा शब्द पटकथेत सहज आला असेल असं मला वाटत नाही. काप्रा स्वतः सिसिलीतल्या बिझाक्विनो गावचे. १८९७ चा जन्म, सहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर बोटीच्या तळमजल्यातून अमेरिकेत आले. लसूणखाऊंपैकीच एक.

म्हणून मार्टिनी कुटुंबाचा गृहप्रवेश ते इतक्या मायेने दाखवतात. खटाऱ्यावर संसार, पोरंबाळं, सोबत बकरीसुद्धा. जॉर्ज आणि मेरी दारात उभे राहून त्यांना पाव, मीठ आणि द्राक्षाची दारू देतात: भूक लागू नये, आयुष्य बेचव होऊ नये, आनंद राहावा. यातली तिसरी वस्तू आमच्याकडे चालत नाही. पहिल्या दोन मात्र आमच्या दस्तरखानावरच्याच. मिठाला जागणं मराठीतही आहे आणि उर्दूतही. चित्रपटाच्या शेवटी हाच मार्टिनी स्वतःच्या दुकानातल्या गाण्याच्या यंत्राचे पैसे उपसून घेऊन येतो.

जॉर्जची भूमिका जेम्स स्टुअर्ट यांनी केली. युद्धात त्यांनी बॉम्बफेकी विमानं चालवली होती, वीस मोहिमांवर गेले होते, कर्नल होऊन परतले होते. परतल्यावरचा हा पहिलाच चित्रपट. काप्राही लष्करासाठी युद्धपट करून परतलेले. दोघांनाही आपल्याला आता जमेल की नाही, याची धास्ती होती. मार्टिनीच्या दारूच्या गुत्त्यात हरलेला जॉर्ज देवाला हाक मारतो तो प्रसंग पाहा. मी प्रार्थना करणारा माणूस नाही, अशी सुरुवात करून तो प्रार्थना करतो. स्टुअर्ट यांनी पुढे सांगितलंय की ते रडणं ठरलेलं नव्हतं, ते आपोआप आलं. कॅमेरा लांब होता आणि तसं पुन्हा घडणं शक्य नव्हतं, म्हणून काप्रा यांनी प्रयोगशाळेत तोच तुकडा मोठा करून घेतला. त्यामुळे चित्र जरा दाणेदार दिसतं. मला तो दाणेदारपणा आवडतो.

आणि बर्फ! चित्रीकरण झालं एप्रिल ते जुलै १९४६, कॅलिफोर्नियाच्या उकाड्यात. तोवर सिनेमात बर्फ म्हणून पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स उधळत. त्यांवर पाय पडला की इतका कुरकुर आवाज होई की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. इथे आग विझवायच्या फेसात साबण आणि पाणी मिसळून नवा बर्फ बनवला, आणि त्यासाठी आरकेओच्या तंत्रज्ञांना ऑस्करवाल्यांचं तांत्रिक पारितोषिक मिळालं. या चित्रपटाला मिळालेलं ऑस्करचं कौतुक तेवढंच. पाच नामांकनं होती, बाहुली एकही नाही. त्या वर्षी बाजी मारली विल्यम वायलर यांच्या 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज'ने, आणि वायलर हे लिबर्टी फिल्म्समधले काप्रांचेच भागीदार.

हा नाताळचा चित्रपट झाला तोही योगायोगाने. आरकेओ नाताळात दाखवणार होती रंगीत 'सिंदबाद द सेलर'. त्याच्या प्रती वेळेवर तयार होईनात, म्हणून काप्रांचा चित्रपट घाईने पुढे काढला. २० डिसेंबर १९४६ ला न्यूयॉर्कमध्ये तो लागला. बगदादच्या सिंदबादने वाट दिली म्हणून जॉर्ज बेली नाताळला पोचला, हे वाचून मला मनापासून बरं वाटलं. धंदा मात्र बेताचा झाला. तीस लाख डॉलरच्या वर खर्च आलेला, तो भरून निघाला नाही. १९४७ सालीच लिबर्टी फिल्म्स पॅरामाउंटला विकावी लागली. त्याच वर्षी एफबीआयच्या एका टिपणात, बँकवाल्यांना खलनायक दाखवण्याची ही कम्युनिस्टांची नेहमीची युक्ती आहे, अशी नोंद झाली. लायनेल बॅरीमोर यांचा पॉटर म्हणजे दुसरा स्क्रूजच, असाही शेरा. स्क्रूज म्हणजे डिकन्सच्या कथेतला कंजूष. हेच बॅरीमोर वर्षानुवर्षं नाताळात रेडिओवरून स्क्रूज करत आणि सारा देश ऐकत असे. तेव्हा कुणाला त्यात कम्युनिझम ऐकू आला नाही.

पुढे चित्रपट विस्मरणात गेला. अमेरिकेत तेव्हा स्वामित्वहक्क अठ्ठावीस वर्षांचा असे. मग अर्ज करून मुदत वाढवून घ्यावी लागे. १९७४ साली ती मुदत संपली आणि हक्क ज्या कंपनीकडे होते तिच्याकडून अर्ज करायचा राहून गेला. कारकुनी चूक! काकाच्या हातून आठ हजार जसे राहून गेले तशी. चित्रपट बेवारस झाला. दूरचित्रवाणीच्या लहानमोठ्या केंद्रांना डिसेंबरात लावायला फुकटचं काहीतरी हवंच होतं. एकेका दिवशी दोन-दोन, तीन-तीन केंद्रांवर तो लागू लागला, आणि ज्यांच्या आईबापांनी तिकीट काढून तो पाहिला नव्हता त्या मुलांनी तो घरात बसून पाहिला. पोर मोठं होऊन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर बापाला वाटावं तसं मला वाटतं, असं काप्रा म्हातारपणी म्हणाले. १९९० साली तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला. १९९३ मध्ये त्याच कंपनीने, आता नाव बदललेलं होतं, मूळ कथेच्या आणि संगीताच्या हक्काचा आधार घेऊन पुन्हा ताबा मिळवला. चित्रपटाची किंमत कळल्यावर अर्ज करायला कुणी विसरलं नाही.

तो घराघरांत पोचला त्याच दशकात खऱ्याखुऱ्या बेलीसंस्थांचे वारस, ज्यांना तिकडे 'सेव्हिंग्ज अँड लोन' म्हणतात, धडाधड कोसळत होते. १९८६ ते १९९५ या काळात हजाराच्या वर बंद पडल्या. ठेवीदारांची भरपाई विम्यातून आणि करदात्यांच्या खिशातून झाली. संध्याकाळच्या बातम्यांत शटर आणि रात्रीच्या सिनेमात काउंटर, असं पाहणारी ती पिढी.

माझी दादी सांगायची की प्रत्येकाच्या दोन खांद्यांवर दोन फरिश्ते बसलेले असतात. उजवा भलं लिहितो, डावा बुरं. लहानपणी नमाजाच्या शेवटी दोन्हीकडे मान वळवून सलाम करताना मी डाव्या खांद्याला जरा जास्त लाडीगोडीने सलाम करत असे. क्लॅरेन्स पाहिला तेव्हा मला ते दोघे आठवले. पॉटरकडे जॉर्जच्या नावावर पाचशे डॉलर मांडलेले. क्लॅरेन्सकडे एक बुडता वाचलेला भाऊ, एक न पोचवलेली विषाची पुडी आणि साडेसतरा डॉलर मागणारी बाई. शेवटी गाव घरात लोटतं तेव्हा टोपल्यात, टोपीत पैसे पडत जातात. नोटांचा ढीग मोजायला कुणी बसत नाही. बँकेचा तपासनीसही खिशात हात घालतो, आणि शेरीफ अटकेचं वॉरंट फाडून टाकतो.

आम्ही तो एकत्र पाहिला त्या रात्री मुलीचे डोळे भरून आले होते, माझेही. बायको शांत होती. पडदा काळा झाल्यावर तिने विचारलं, "पण ते आठ हजार? ते त्या म्हाताऱ्याकडेच राहिले ना?"

राहिले. पॉटरला शिक्षा होत नाही, त्याचं पितळ उघडंही पडत नाही. गुन्हेगाराला शिक्षा झालेली दाखवलीच पाहिजे, असा हॉलिवूडचा तेव्हा दंडक होता. तरी काप्रा यांनी त्याला तसाच खुर्चीत बसू दिलं. १९८६ साली अमेरिकेतल्या एका विनोदी कार्यक्रमाने या चित्रपटाचा 'हरवलेला शेवट' म्हणून एक नाटुकलं केलं होतं. त्यात गावकरी पॉटरच्या घरी जाऊन त्याला बदडतात. हे मी बायकोला सांगितलं.

ती म्हणाली, "बदडून काय होणार? पैसे आणले का त्यांनी?" आणि दिवा लावायला उठली.